स्वातंत्र्याच्या वाटण्या

सरकारदरबारी 'जन' या शब्दाला अलीकडे मोठा मान आला आहे. संसदेने २०२३ साली 'जनविश्वास' या नावाचा कायदा केला आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत, जुलै २०२५ मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 'विशेष जनसुरक्षा' या नावाचे विधेयक संमत केले. दोन्ही नावांतील जन एकच असावेत, असे कोणासही वाटेल. परंतु दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले म्हणजे ध्यानात येते की, पहिल्यातील जन हा विश्वासास पात्र ठरलेला व्यावसायिक आहे आणि दुसऱ्यातील जन हा सभासंघटनांत वावरणारा, म्हणून नजरेखाली ठेवावयाचा नागरिक आहे. दुकानात बसलेल्या माणसाला सरकार म्हणते, तुझी चूक झाली असेल तर दंड भर आणि कामाला लाग. तोच माणूस सायंकाळी सभेला गेला की त्याच्या हेतूची चौकशी सुरू होते. माणूस एकच, सरकारही त्याच विचाराचे, मग विश्वासाचे माप सकाळ-संध्याकाळ का बदलते, हा आजच्या आमच्या लेखाचा विषय आहे.

जनविश्वास कायद्याबद्दल आमची तक्रार नाही. त्याचे तत्त्व आम्हांस मान्य आहे. त्या कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांतील १८३ तरतुदींत फेरफार केले आणि पुष्कळशा लहानसहान कसुरांबद्दलची तुरुंगवासाची शिक्षा काढून टाकली किंवा तिच्या जागी दंड ठेवला. कागदपत्रांतील चुकीसाठी माणसास गजाआड करण्याची भीती घालणे हे सुसंस्कृत राज्याचे लक्षण नव्हे. जनसुरक्षा विधेयकामागेही कारण मुळीच नाही असे कोणी म्हणू नये. १ मे २०१९ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनीच, गडचिरोली जिल्ह्यात भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान मृत्युमुखी पडले, हे विसरून या प्रश्नाची चर्चा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु या विधेयकाने सरकारला संघटना बेकायदा ठरविण्याचा अधिकार दिला, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षा सांगितल्या, गुन्हे अजामीनपात्र केले. सरकारच्या निर्णयाची छाननी करावयाच्या त्रिसदस्य सल्लागार मंडळात दोन निवृत्त वा विद्यमान न्यायाधीशांबरोबर सरकारी वकिलालाही बसविले. ज्याचा पक्ष तपासावयाचा त्याचाच वकील तपासणाऱ्यांत बसतो, ही व्यवस्था एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे सभासदही आपल्या हिशेबतपासणीसाठी मान्य करणार नाहीत.

ज्या विचारसरणीला इंग्रजीत लिबर्टेरियन म्हणतात आणि ज्याला आपण व्यक्तिस्वातंत्र्यवाद म्हणू, तिचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, स्वातंत्र्य हे अखंड आहे. बाजारातील स्वातंत्र्य, बोलण्या-लिहिण्याचे स्वातंत्र्य आणि देशाच्या सीमेपलीकडे व्यवहार करण्याचे स्वातंत्र्य ही एकाच वाड्याची तीन दालने आहेत. राज्याच्या हाती एका दालनाची किल्ली निष्काळजीपणे दिली, तर उरलेली दोन फार काळ कुलपाआड राहत नाहीत. म्हणून राज्याने कर थोडे घ्यावेत, हुकूम थोडे काढावेत, तुरुंग थोडे भरावेत आणि परराष्ट्रांशी भांडणेही थोडीच करावीत, असा हा पंथ आहे. त्याचे सर्व निष्कर्ष आम्हांस पटत नाहीत. ते का, हे पुढे सांगू. मात्र त्याचे मूळ निरीक्षण किती खरे आहे, हे पाहण्यास परदेशी ग्रंथ चाळण्याची गरज नाही. आपली राज्यघटना आणि तिच्या दुरुस्त्या वाचल्या तरी पुरेसे आहे.

१९५१ सालची पहिली घटनादुरुस्ती पाहा. घटना अमलात येऊन दीड वर्षही झाले नव्हते आणि पहिली सार्वत्रिक निवडणूकही व्हावयाची होती. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविली होती, आणि जमीनदारी नष्ट करणारे काही कायदे न्यायालयांत अडकले होते. पंडित नेहरूंनी या सर्व अडचणींवर एकच औषध काढले. त्या एका दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावर 'सार्वजनिक सुव्यवस्था' या कारणाने बंधन आले, सरकारला एखादा धंदा सर्वस्वी आपल्या हाती घेण्याची मुभा मिळाली, आणि 'परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध' हेही नागरिकाचे तोंड बंद करण्याचे कारण ठरले. अर्थकारण, नागरी हक्क आणि परराष्ट्रव्यवहार ही तिन्ही दालने एका दिवसात एकाच किल्लीने उघडली गेली. बंधने 'वाजवी' असावीत हा शब्द त्याच दुरुस्तीने घातला आणि त्यायोगे न्यायालयांना दार ठेवले, हे श्रेयही तिला दिले पाहिजे. परंतु ज्या नेहरूंच्या पुढाकाराने १९३६ साली नागरी स्वातंत्र्य संघ स्थापन झाला, त्यांच्याच हातून हे व्हावे, यात सत्तेच्या स्वभावाचा धडा आहे.

हा धडा एका पक्षापुरता किंवा एका पुरुषापुरता नाही. १९५१ सालीच प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याची मुदत वाढविण्याचे विधेयक ज्या गृहमंत्र्यांनी मांडले, ते चक्रवर्ती राजगोपालाचारी होते. विनाचौकशी माणूस अडकविण्याचे समर्थन करणारे हेच राजाजी १९५९ साली स्वतंत्र पक्षाचे संस्थापक झाले आणि परवाना-परमिटांच्या राज्याविरुद्ध त्यांनी रणशिंग फुंकले. पुढे १९६२ साली अणुचाचण्या थांबवाव्यात हे सांगण्यासाठी ते वॉशिंग्टनला जाऊन अध्यक्ष केनेडींना भेटले. खुर्ची सुटल्यावर स्वातंत्र्याची महती उमगणे हा मनुष्यधर्म आहे. प्रश्न एवढाच की, खुर्चीवर असताना ती उमगावी यासाठी व्यवस्था कोणती करावयाची.

राजाजींचे सहकारी मिनू मसानी हे याच मुंबईचे. नाशिकच्या तुरुंगात ज्या तरुणांनी काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना जोपासली, त्यांत एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, अच्युतराव पटवर्धन यांच्याबरोबर तेही होते. पुढे त्यांनी समाजवाद टाकला, खुल्या अर्थव्यवस्थेचा पुरस्कार केला आणि अलिप्ततेच्या धोरणावर कठोर टीका केली. त्यांची सर्व मते ज्यांना अमान्य होती, त्यांनीही एक गोष्ट मान्य करावी. आणीबाणीत 'फ्रीडम फर्स्ट' या त्यांच्या मासिकातील मजकूर सेन्सॉरने कापला, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले; आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये, देशभर भीतीची शांतता पसरलेली असताना, त्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यापूर्वी दोनच महिने कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी आपले मन मोकळे केले होते. त्याच काळात, गाड्या वेळेवर धावतात आणि संप बंद झाले म्हणून समाधानाचा सुस्कारा टाकणारे व्यापारी व सुशिक्षित या शहरात थोडे नव्हते. बाजार शांत असला की सभेचे मौन ज्यांना खुपत नाही, त्यांना स्वातंत्र्य हवे असते असे म्हणता येत नाही. त्यांना सोय हवी असते.

पहिल्या घटनादुरुस्तीने निर्माण केलेल्या नवव्या परिशिष्टाची कथा याहून बोधप्रद आहे. त्या परिशिष्टात घातलेला कायदा मूलभूत हक्कांच्या कसोटीवर न्यायालयाने तपासावयाचा नाही, अशी योजना होती. प्रारंभी त्यात तेरा कायदे होते आणि त्यांत दुसऱ्या क्रमांकावर मुंबईचा १९४८ सालचा कुळकायदा होता. कसणाऱ्याला जमीन मिळावी हा हेतू उदात्तच होता. परंतु कुळासाठी बांधलेल्या या तळघरात पुढे कोणकोण येऊन राहिले? १९७५ साली 'मिसा' आला, ज्याखाली सहस्रावधी लोक विनाचौकशी तुरुंगात गेले. १९७६ साली आक्षेपार्ह मजकुराच्या प्रसिद्धीस प्रतिबंध करणारा कायदा आला. त्याच दुरुस्तीने शेतकऱ्याच्या मालाचे साठे आणि भाव यांवर सरकारचा हात ठेवणारा १९५५ सालचा जीवनावश्यक वस्तू कायदाही आत घेतला. कैदी, पत्रकार आणि शेतकरी असे तिघे एकाच तळघरात बंद झाले. स्वातंत्र्य अखंड आहे, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आता सुटकेचा इतिहास पाहा, म्हणजे आमच्या या लेखाचे शीर्षक कळेल. जनता राजवटीत, १९७८ साली, चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. तिने 'मिसा'ला नवव्या परिशिष्टातून बाहेर काढले, वृत्तपत्रांचा गळा दाबणाऱ्या कायद्याला बाहेर काढले. आणि जीवनावश्यक वस्तू कायदा तेथेच ठेवला. जे तुरुंगात गेले होते ते पुढारी होते, ज्यांची लेखणी अडली होती ते पत्रकार होते. त्यांनी आपापला वाटा सोडवून घेतला. शेतकऱ्याचा वाटा सोडविण्यास कोणी उरले नाही. आम्ही वृत्तपत्रांचे लोक या वाटणीत लाभधारक होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. कांद्याच्या भावाचे आंदोलन घेऊन शरद जोशी चाकणहून निघाले, तेव्हा शहरांतील आम्हा सुशिक्षितांस ते केवळ भावाचे भांडण वाटले. ते स्वातंत्र्याचे भांडण आहे, हे त्यांनी पुष्कळ सांगूनही आमच्या गळी उतरले नाही.

ते अद्यापही उतरलेले दिसत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती मे २०२४ मध्ये उठविली. मधल्या काळात बांगलादेश, भूतान, मॉरिशस, संयुक्त अरब अमिराती अशा निवडक मित्रदेशांस मात्र सरकारने नेमलेल्या सहकारी संस्थेमार्फत कांदा पाठविण्याची मुभा होती. याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. लासलगावच्या शेतकऱ्याने आपला कांदा आपण विकावयाचा नव्हता; पण त्याच कांद्याने सरकारने परराष्ट्रमैत्री साधावयाची होती. शहरातील गृहिणीला कांदा स्वस्त मिळावा हा हेतू असेलही. तो हेतू साधण्याचा खर्च सरकारी तिजोरीने सोसला असता तर आमचे म्हणणे नव्हते. तो खर्च एका जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या खिशातून, त्यांना न विचारता, एका अधिसूचनेने वसूल झाला. करवसुली करावयाची तर संसदेत विधेयक आणावे लागते. अशी वसुली करावयास एका सहीचा कागद पुरतो.

परराष्ट्रव्यवहाराच्या दालनात तर नागरिकाला उंबरठ्याबाहेरच थांबविले जाते. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी व्यापारकरार झाला. आपल्या व्यवस्थेत असा करार करण्यास संसदेची पूर्वसंमती लागत नाही. करार चांगला की वाईट, हा येथे मुद्दा नाही. ज्यांच्या मालावरचे शुल्क त्याने ठरणार, त्यांच्या प्रतिनिधींनी तो सहीपूर्वी पाहू नये, हा मुद्दा आहे. ज्या १९५१ सालच्या शब्दांचा आम्ही वर उल्लेख केला, ते 'परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध' हे शब्दही निवृत्त झालेले नाहीत. १८ जून २०२४ रोजी अमलात आलेल्या टपाल कायद्यात तुमची-आमची टपाल मध्येच अडविण्याचा अधिकार सरकारला आहे आणि त्याच्या कारणांत हे शब्द जसेच्या तसे आहेत. याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. १८९८ सालच्या जुन्या टपाल कायद्यात कर्मचाऱ्याने बेकायदा पत्र फोडल्यास शिक्षा होती. ती शिक्षा कोणी काढली? जनविश्वास कायद्याने. नव्या टपाल कायद्यात ती परत आली नाही. विश्वास या शब्दाचा असाही उपयोग होऊ शकतो!

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग हा व्यक्तिस्वातंत्र्यवाद संपूर्ण स्वीकारावा. आम्ही तसे म्हणत नाही, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण त्याच्या पुरस्कर्त्यांच्या वर्तनात आहे. आज या मताचा जगातील सर्वांत गाजलेला प्रयोग अर्जेंटिनात हाविएर मिलेई हे करीत आले आहेत. २०२३ च्या डिसेंबरात ते अध्यक्ष झाले, तेव्हा त्या देशातील वार्षिक महागाई दोनशे टक्क्यांवर गेली होती. २०२४ अखेर ती सुमारे ११८ टक्क्यांवर आली आणि सरकारचा खर्च उत्पन्नाच्या आत आला. हे यश लहान नाही. जुन्या सरकारांच्या उधळपट्टीची किंमत तेथील गरिबांनीच मोजली होती. परंतु ज्या डिसेंबरात बाजारावरील बंधने उठविण्याचा फतवा निघाला, त्याच डिसेंबरात रस्ते अडविणाऱ्या निदर्शकांविरुद्ध पोलिसांचे हात बळकट करणारी नियमावलीही निघाली. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात चलन सावरण्यासाठी अमेरिकी सरकारची २० अब्ज डॉलरची हमी घ्यावी लागली. राज्यसंस्थेचा तिटकारा बोलून दाखविणाऱ्यास अडचणीच्या वेळी आपले पोलीस आणि परके राज्य ही दोन्ही हवीशी झाली. वाटणीचा मोह व्यक्तिस्वातंत्र्यवाद्यांनाही सुटत नाही, असा याचा अर्थ.

दुसरे कारण अधिक खोल आहे आणि ते महाराष्ट्राने जगाला शिकवावे असे आहे. स्वातंत्र्य हिरावणारे राज्य एकटेच असते, हे या पंथाचे गृहीतच आपल्या अनुभवाला धरून नाही. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव केला, महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर सहकाऱ्यांसह चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा त्यांच्या अनुयायांवर लाठ्या पडल्या. त्या लाठ्या सरकारच्या नव्हत्या, गावाच्या होत्या. बाबासाहेबांनी १९४७ साली घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात हाच प्रश्न विचारला की, राज्याने हात आखडते घेतल्यावर जे स्वातंत्र्य उरते ते कोणाचे? जमीनदाराला खंड वाढविण्याचे आणि मालकाला मजुरी कमी करण्याचे स्वातंत्र्य कुळाच्या आणि मजुराच्या दृष्टीने दास्यच होय. त्याआधी अर्धशतक आगरकरांनी व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा कैवार घेऊनही १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला पाठिंबा दिला होता. कारण कुटुंब आणि रूढी यांचा जुलूम हाही जुलूमच आहे, हे त्यांना ठाऊक होते. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी कुळकायद्यात गेलेल्या जमिनीची कथा अद्याप सांगितली जाते. त्या कथेची दुसरी बाजू कुळाच्या घरी सांगितली जाते, आणि तीही स्वातंत्र्याचीच कथा आहे.

मग कसोटी कोणती? राज्य मोठे असावे की लहान, हा वाद दोन्ही बाजूंनी कितीही लांबविता येईल. आमच्या मते खरा प्रश्न असा की, ज्याच्या हाती दुसऱ्याला अडविण्याचे सामर्थ्य आहे, त्याला आपले कारण तिऱ्हाइतापुढे सांगावे लागते की नाही. अडविणारा पोलीस असो, अधिसूचना काढणारा अधिकारी असो, करारावर सही करणारा मंत्री असो, की पाणवठ्यावर उभा असलेला गावगुंड असो, चौघांनाही ही एकच कसोटी लावावी. जनसुरक्षेच्या नावाने संघटना बेकायदा ठरवावयाची असेल, तर गुन्ह्याची व्याख्या शस्त्र आणि हिंसा यांपुरती नेमकी असावी, छाननी करणाऱ्यांत सरकारचा वकील नसावा आणि कायद्याला मुदत असावी. निर्यात थांबवावयाची असेल, तर बंदीची मुदत आणि शेतकऱ्याची भरपाई त्याच कागदावर लिहिलेली असावी. पत्र अडवावयाचे असेल, तर त्याची नोंद सरकारबाहेरील न्यायिक अधिकाऱ्यापुढे जावी आणि बेकायदा फोडणाऱ्यास शिक्षा असावी. व्यापारकरार करावयाचा असेल, तर तो सहीपूर्वी संसदीय समितीपुढे यावा. यांपैकी एकही मागणी राज्याला दुबळे करीत नाही. ती त्याला उत्तरदायी करते.

या मागण्या सरकारकडे करण्यापूर्वी त्या स्वतःकडे कराव्या लागतील. जनविश्वासाचे स्वागत करणाऱ्या व्यापारी मंडळांनी जनसुरक्षेबद्दल किती अवाक्षरे काढली? जनसुरक्षेविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या पक्षांनी कांद्याच्या बंदीला स्वातंत्र्याचा प्रश्न कधी म्हटले? आणि आम्ही मध्यमवर्गीय वाचक-लेखक भाजीच्या भावाची बातमी पहिल्या पानावर मागतो, शेतकऱ्याच्या हक्काची आतल्या पानावर चालते. प्रत्येकाने आपल्या दालनाला कुलूप घालून शेजारचे उघडे सोडले आहे. आणि चोराला आत येण्यास एक उघडे दार पुरे होते.

प्रस्तुत लेखक एकेकाळी शाळेत नागरिकशास्त्र शिकवीत असे. घटनेच्या एकोणिसाव्या कलमातील सहा स्वातंत्र्ये मुले घोकून घोकून पाठ करीत. पूर्वी ती सात होती. मालमत्तेचे सातवे १९७८ च्या त्याच घटनादुरुस्तीने गेले, हेही काही हुशार मुले सांगत. उत्तरपत्रिकेत कोणी सहापैकी पाचच लिहिली तर आम्ही पाच गुण देत असू आणि मूल आनंदाने घरी जाई. त्या वेळी ते योग्यच वाटले होते. आज वाटते की, त्या मुलांना आम्ही एक गोष्ट सांगावयास हवी होती. ही सहा उत्तरे सुटी सुटी नाहीत. यांतील एक गाळले की उरलेली पाच हळूहळू चुकू लागतात. ती मुले आता मतदार आहेत, काही व्यापारी आहेत, काही अधिकारी आहेत. राहून गेलेला तो धडा आज या पानावरून देत आहोत.